भरावामागची कोरडी जागा

निळं पाणी चर्चच्या पायऱ्या चढलं, शाळेच्या मैदानात पसरलं, उसात शिरलं आणि जुन्या रुळांच्या भरावापाशी येऊन थांबलं. भरावाच्या पलीकडे एक थेंब नाही. विलिकेसाने चहाचा कप बाजूला ठेवला, पडद्यावरचं पाणी पुसून टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून पाऊस सुरू केला. पुन्हा तेच. डोंगरातून नदी फुगून आली, तिने वुनितारा गाव बुडवलं आणि भरावाला नाक लावून उभी राहिली.

त्याला हसू फुटलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं हे बरंच झालं, कारण ते हसू काही भल्या माणसाचं नव्हतं.

या पुराच्या मॉडेलांची एक खोड आहे. विमानातून लेझरने जमीन मोजतात, तिचा उंचसखलपणा संगणकात भरतात, वरून वादळाचा पाऊस ओततात आणि पाणी मग आपली वाट आपण शोधतं. सगळं छान. पण विमानाला वरचं दिसतं, खालचं दिसत नाही. रुळांखाली पाणी जायची मोरी आहे हे त्याला कोण सांगणार? त्याच्या लेखी भराव म्हणजे भिंत. म्हणून जिथे जिथे मोरी असेल तिथे तिथे मॉडेल करणाऱ्याने त्या भिंतीला हाताने चीर द्यायची असते. नाही दिली, तर पाणी एका बाजूला तुंबतं आणि दुसरी बाजू खोटीच कोरडी दिसते.

हे मॉडेल करताना विलिकेसाच्या मामेभावाने, अपिसाईने, हमरस्त्याच्या मोऱ्या कापल्या होत्या. साखर कारखान्याच्या चालू रुळांच्याही कापल्या होत्या. राहिली होती ती गावामागची बंद पडलेली लाईन. तिचे रूळ कधीच उपटून नेले होते, भरावावर पुरुषभर गवत माजलं होतं, कारखान्याच्या यादीतही ती आता नव्हती. पण गवताखाली मोऱ्या होत्या, आणि त्यांतून म्हैस नाही तरी शेळी सहज गेली असती. लहानपणी विलिकेसा आणि अपिसाई त्याच मोऱ्यांमध्ये शिरून वाम मासे धरायचे. एकदा अपिसाई त्यात पोटापाशी अडकला होता आणि त्याला दोन्ही पायांना धरून ओढून काढावं लागलं होतं. ही गोष्ट विलिकेसा आजपर्यंत प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीत आणि प्रत्येक नामकरणात सांगत आला होता. आणि तोच अपिसाई ती मोरी विसरला! राजधानीत, सुव्यात साहेब झाला ना. साहेबाला मोऱ्या कशाला आठवतील?

मॉडेलसोबत अपिसाईने निरोप पाठवला होता. "तवाले, पुढच्या आठवड्यात गावासमोर दाखवायचंय. तू त्या मातीतला आहेस. एकदा डोळ्यांखालून घाल. काही चुकलं असेल तर आत्ताच सांग."

विलिकेसाने बोटं मोडली आणि उत्तर लिहिलं, "बघितलं रे जाड्या. झकास झालंय. काही चूक नाही."

तवाले म्हणजे मामेभाऊ-आतेभाऊ. फिजीत या नात्याला एक मुभा आहे. सख्ख्या भावाशी जपून बोलावं लागतं, मेव्हण्याशी तर त्याहून. पण तवालेला काहीही बोला. त्याच्या पोटावरून बोला, बायकोवरून बोला, भर सभेत त्याला गाढव म्हणा. त्याने राग धरायचा नाही, उलट त्याहून सवाई काहीतरी ऐकवायचं आणि सगळ्यांनी पोट धरून हसायचं. विलिकेसाला ही मुभा फारच मानवली होती. कारण त्याच्या मनात अपिसाईबद्दल जे काही होतं ते सगळं त्याला वर्षानुवर्षं तोंडावर बोलता आलं आणि लोक म्हणत राहिले, काय विनोदी माणूस आहे!

विनोद कसला, जळफळाट होता तो. दोघं एकाच वर्षी पाटबंधारे खात्यात लागले, एकाच खोलीत राहिले, नकाशाचं हेच सॉफ्टवेअर एकाच बाकावर शिकले. परदेशी शिकायला जायची जागा एकच होती, ती अपिसाईला मिळाली. दोघांच्या गुणांत फरक नखाएवढा. पण नखाएवढ्या फरकावर एक जण ब्रिस्बेनला गेला आणि दुसरा जिल्ह्याच्या कचेरीत गटारांची मापं घेत राहिला. परत आल्यावर अपिसाईने काही मिजास केली असती तर विलिकेसाला बरं वाटलं असतं. तेही नाही. तो आपला पहिल्यासारखाच गळ्यात पडला. हा माणूस धड वाईटही नव्हता, मग त्याचा राग करायचा तरी कसा? विलिकेसाचे साहेब परमोद नारायण उठता-बसता म्हणायचे की विलिकेसा, तुझ्या तवालेने केलेलं ते मॉडेल पाहिलंस का, पाणी कसं जिवंत वाटतं. विलिकेसा म्हणायचा, हो सर, पोटही जिवंतच आहे त्याचं. परमोद हसायचे.

आणि मामी, अपिसाईची आई. सगळ्यात जास्त ते दुखणं होतं. आई गेल्यावर विलिकेसाला मामीनेच वाढवलं. सुट्टीच्या दिवशी तो अजून वुनिताराला जायचा, तिचं छप्पर शिवायचा, दालोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, वाफ्यातलं गवत काढायचा. अपिसाई नाताळला यायचा. तरी मामी लिंबाच्या पानांचा चहा त्याच्यापुढे ठेवून विचारायची, "विली, अपीचा फोन आला होता का रे तुला? त्याला म्हणावं, जेवत जा वेळेवर." गवत विलीने काढायचं आणि काळजी अपीची.

तर आता सरकारने ठरवलं होतं की वुनितारा नदीकाठावरून हलवायचं. गेल्या वादळात घरांच्या खिडक्यांपर्यंत पाणी आलं होतं, लोक चर्चच्या माळ्यावर बसून राहिले होते. नवी घरं कुठे बांधायची ते अपिसाईच्या मॉडेलवरून ठरणार होतं. मॉडेल सांगत होतं, भरावामागची सपाट जागा कोरडी आहे. पहिली घरं तिथे, आणि अगदी पहिलं घर म्हाताऱ्या मामीला.

विलिकेसा काही राक्षस नव्हता. मामीला पुरात लोटायचं त्याच्या मनातही नव्हतं. त्याचा बेत साधा होता. सभा भरू दे. अपिसाईला पडद्यासमोर उभा राहू दे. सगळं गाव तोंडाचा आ करून बघू दे. मग आपण उठायचं आणि म्हणायचं, भरावापाशी पाणी कसं थांबतं रे तवाले, त्याखालच्या मोऱ्या कुठे गेल्या? एकदा, फक्त एकदाच, सगळ्यांनी अपिसाईकडे तसं बघावं जसं आजवर आपल्याकडे बघत आले. चूक त्याच दिवशी दुरुस्त होईल, घरं दुसरीकडे जातील, नुकसान कोणाचंच नाही. आठवडाभर त्याला मनातून उकळ्या फुटत होत्या. बायको म्हणाली, पगार वाढला की काय?

सभेच्या दिवशी गावाचा सभामंडप चटयांनी भरून गेला. वरच्या अंगाला वडीलधारी मंडळी, मध्ये यंगोनाचं, म्हणजे मुळ्या कुटून पाण्यात कालवलेल्या पेयाचं, लाकडी पातेलं, खालच्या अंगाला दाराजवळ पोरंटोरं. भिंतीवर पांढरी चादर ताणली होती. मामी चक्क पुढे येऊन बसली होती, केसात फूल खोचून. अपिसाईने दिवे मालवायला सांगितले आणि पाऊस सुरू केला.

निळं पाणी चर्चच्या पायऱ्या चढताच बायकांनी तोंडावर हात ठेवला. एक म्हातारा आपलं घर बुडालेलं बघून म्हणाला, "बघा, माझी कोंबड्यांची खोपीसुद्धा दाखवलीय." अपिसाई हळू आवाजात समजावत होता, नदी किती चढेल, किती वेळात चढेल, कुठून वळेल. विलिकेसाला मान्य करावंच लागलं की माणूस बोलतो छान. पाणी भरावाला टेकलं आणि थांबलं. पलीकडे हिरवीगार कोरडी जागा उरली. अपिसाईने तिथे बोट ठेवलं आणि म्हणाला, "आई, हे तुझं घर." सगळं गाव मामीकडे वळलं आणि मामी रडायला लागली.

त्या रडण्याने विलिकेसाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हीच वेळ, असं म्हणून तो उठला.

"तवाले," तो मोठ्याने म्हणाला, "सगळं दाखवलंस, पण मोरी विसरलास की रे."

मोरी हा शब्द निघायचा अवकाश, मंडपात हास्याचा स्फोट झाला. लोकांना वाटलं, आली, विलीची ती गोष्ट आली. मागच्या पोरांनी तर आधीच पाय धरून ओढायचा अभिनय सुरू केला.

"अहो, हसू नका. भरावाखाली मोऱ्या आहेत. पाणी त्यातून पलीकडे जाणार."

"पाणी जाईल," खालून कोणीतरी म्हणालं, "अपी नाही जाणार."

पुन्हा हशा. विलिकेसा हात वर करून सांगू लागला की मॉडेल चुकीचं आहे, ही जागा बुडणार आहे. तो जितका चिडला तितके लोक जास्त हसले. गंभीर चेहरा करून थट्टा करण्यात तर त्याचा हातखंडाच होता! अपिसाईसुद्धा हसत होता. त्याने प्रथेप्रमाणे परतफेड केली. "माझ्या तवालेला पाणी कळतं," तो म्हणाला, "पण फक्त यंगोनाच्या पातेल्यातलं." म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून.

विलिकेसा खाली बसला. आयुष्यभर ज्या नात्याने त्याला मोकळं बोलू दिलं होतं त्यानेच आज त्याचं तोंड बांधलं. तवालेचं बोलणं कोण खरं धरतो?

तेवढ्यात गावचा मुखिया एमोसी पुढे सरकला. थोडक्यात सांगायचं तर तो असं म्हणाला की अपिसाईने गावाला जमीन शोधून दिली, आता गावाने यंगोना पिऊन हो म्हणावं. फिजीत एखाद्या गोष्टीवर यंगोना प्यायली गेली की ती गोष्ट मिटली. मग ती कोणी उकरून काढत नाही. काढली तर तो गावाचा अपमान. पातेल्यात हात घालून एक जण यंगोना ढवळू लागला. मामी शेजारणीला विचारत होती की भरावामागची माती दालोला चांगली असेल ना.

आता विलिकेसाच्या अंगाला घाम फुटला. उद्या कचेरीतून पत्र पाठवता येईल, त्याने स्वतःला समजावलं. पण पत्र बघून विचारतील, आधी तूच काही चूक नाही म्हणून लिहिलं होतंस ना? मग आज का सांगतोस, म्हणतील. आणि सरकारी पत्र पोचेपर्यंत मामीचे खांब रोवून झालेले असतील. या गावात दिलेला शब्द आणि रोवलेला खांब कोणी उपटत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे मामी आली, पुराच्या अंधारात, पाणी कुठून आलं हे न कळलेली. कोरडी जागा म्हणून ती तर पळणारही नाही.

तो उठून बाहेर गेला. गाडीत यंगोनाच्या मुळ्यांची एक जुडी होती. अपिसाईची फजिती झाल्यावर संध्याकाळी मित्रांसोबत प्यायची म्हणून बाजारातून आणलेली, चांगली जाडजूड. ती घेऊन तो परत आला, पण वरच्या दाराने नाही. पोरं जिथून ये-जा करतात त्या खालच्या दाराने आला, आणि दारातच गुडघ्यांवर बसला. तिथून चटईवर सरकत सरकत पुढे निघाला, मान खाली घालून.

हे बघूनही काही जण हसले. मग हसू एकेकाच्या तोंडावरून गेलं. कारण थट्टेला बाकी काहीही चालतं, पण मुळ्यांची जुडी पुढे ठेवून कोणी थट्टा करत नाही. याला सोरो म्हणतात. गुन्हा कबूल करायची आणि माफी मागायची ती रीत आहे. माणूस ती आयुष्यात एखाद्या वेळी करतो, आणि करायची वेळ न यावी म्हणून देवाजवळ मागणं मागतो.

विलिकेसाने जुडी अपिसाईच्या पायांपाशी ठेवली. ढवळणाऱ्याचा हात पातेल्यात थांबला.

"हे माझ्या मामेभावापुढे ठेवतो," तो म्हणाला. तवाले हा शब्द त्याने वापरला नाही. "त्याने मला मॉडेल तपासायला दिलं होतं. भरावाखाली मोऱ्या आहेत आणि त्या नकाशात कापलेल्या नाहीत, हे मी त्याच दिवशी बघितलं. तरी मी त्याला लिहिलं, चूक नाही. मला त्याची सगळ्यांसमोर फजिती करायची होती."

"का?" अपिसाईने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"जळतो मी तुझ्यावर," विलिकेसा म्हणाला. "आजचं नाही ते. तू ब्रिस्बेनला गेलास तेव्हापासून. त्याच्याही आधीपासून असेल. मी जे जे थट्टेत बोललो ना, ते सगळं खरंच बोललो."

हे शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. मोऱ्यांचं सांगून झालं होतं, गावाला पटलं होतं, तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण इतकी वर्षं दाबून ठेवलेलं ते एकदा निघालं म्हटल्यावर सगळंच निघालं. मामीने पदरासारखा खांद्यावर घेतलेला कपडा तोंडाला लावला. तिने विलिकेसाकडे पाहिलं नाही.

जुडी पुढे ठेवली की समोरच्याने तिला हात लावायचा. हात लावला म्हणजे माफ केलं. अपिसाईने वाकून तिला हात लावला. सगळ्या मंडपाने ओंजळीच्या पोकळ टाळ्या वाजवल्या, आणि रीतीप्रमाणे ते प्रकरण तिथे मिटलं.

त्यानंतर जे झालं ते पटापट झालं. पोरं कोयते घेऊन भरावाकडे पळाली आणि गवत कापून मोऱ्यांची तोंडं शोधून आली. अपिसाईने तिथेच चटईवर मांडी घालून नकाशा उघडला, विलिकेसाला एकेक जागा विचारली आणि भरावाला चिरा दिल्या. "इथे?" "जरा खाली." "इतकी रुंद?" "हो." दोघं शेजारी शेजारी बसले होते, खांद्याला खांदा लावून. एवढ्या जवळ ते कित्येक वर्षांत बसले नव्हते. मग अपिसाईने पुन्हा पाऊस पाडला. पाणी भरावापाशी आलं, क्षणभर रेंगाळलं आणि चिरांमधून घुसून सपाट जागेवर पसरलं. मामीच्या घराची खूण निळ्यात बुडाली.

मंडपातून मोठा सुस्कारा निघाला. मुखिया एमोसी म्हणाला, देवाची कृपा, आणि अपिसाईची हुशारी बघा, बसल्या जागी दुरुस्त केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. विलिकेसाला पुन्हा तोच जुना हेवा वाटला. त्याला स्वतःचीच शिसारी आली. अरे, आत्ता तरी! पण ते काही सोरो करून जाणारं दुखणं नव्हतं.

नवी जागा टेकडीच्या उतारावर ठरली. दालोला माती जरा खडकाळ होती, पण मामी म्हणाली चालेल. तिने सगळ्यांना वाढलं. नारळाच्या रसातली मासळी विलिकेसाच्या पानातही वाढली, तितकीच, जितकी अपिसाईसोबत सुव्याहून आलेल्या पाहुण्यांना वाढली होती. जेवत जा वेळेवर, असं ती कोणालाच म्हणाली नाही.

संध्याकाळी यंगोना फिरू लागली. करवंटी एकाकडून दुसऱ्याकडे जात होती, टाळ्या वाजत होत्या, गप्पा उसावर आणि रग्बीवर आल्या होत्या. एरवी एव्हाना विलिकेसा आणि अपिसाईची जुंपलेली असायची आणि लोक हसून लोळत असायचे. आज दोघांच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा रिकामी होती आणि तिथे कोणी बसलं नव्हतं. विलिकेसाला ते सहन होईना. मिटलं ना सगळं? हात लावला ना जुडीला? त्याने घसा खाकरला.

"तवाले," तो म्हणाला, "दाराबाहेर ते बूट तुझे का रे? मला वाटलं, कोणी दोन होड्या ओढून ठेवल्यात."

गप्पा थांबल्या. सगळ्यांनी अपिसाईकडे पाहिलं. काही जण हसायला तयार होऊन बसले होते, ओठ अर्धे उघडून. अपिसाईने करवंटी संपवली, खाली ठेवली आणि दाराकडे बघितलं.

"हो," तो म्हणाला. "मोठेच आहेत ते. खरं आहे तुझं."

शेजारच्या म्हाताऱ्याने गंभीरपणे मान हलवली. ढवळणाऱ्याने करवंटी पुन्हा भरली आणि दोन्ही हातांनी विलिकेसापुढे धरली. त्याने टाळी वाजवली, ती घेतली आणि एका घोटात पिऊन टाकली.